गंध, वासना आणि वासनिक

॥ श्रीचक्रधराय नमः ॥



नागपूर नगराच्या दक्षिण अंगास हुडकेश्वर हे गाव आहे. 'गाव' हा शब्द आता तेथील वृद्धांच्या मुखीच उरला आहे. २०१३ साली हुडकेश्वर आणि नरसाळा ही गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. जेथे तुरी-कपाशीची शेते होती तेथे लेआउट पडले, अंगणाच्या जागी फरशी आली आणि शेणसड्याचा वास फिनेलच्या वासाने घेतला. काही दिवसांपूर्वी तेथील एका उपदेशी कुटुंबाच्या घरी निरूपणाचा योग आला. निरूपण आटोपल्यावर एक वृद्ध बाई पुढे आल्या. दंडवत घालून हळूच म्हणाल्या, "बाबा, मी रोज पहाटे चंदन उगाळतो, उटी करतो, विडा ठेवतो. पण २०२१ च्या साथीत ताप आला तेव्हापासून मले कायचाच वास येत नाही जी. चंदनाचा नाही, उदबत्तीचा नाही. हातून सेवा होते, पण मन भरत नाही. माझी सेवा पोचते का नाही?"

त्यांचे बोलणे संपते न संपते तोच मागून एका तरुण वासनिकाने विचारले, "बाबा, माझे दुःख याच्या उलट आहे. आमच्या घरामागे नाला आहे. संध्याकाळी स्मरणाला बसलो की असा वास सुटतो की उठून खिडकी लावावी लागते. खिडकी लावली तरी मन त्या वासाकडेच. स्मरण घडतच नाही."

हे दोन प्रश्न वरवर पाहता परस्परविरुद्ध आहेत. एकीला वास येत नाही म्हणून सेवा उणी वाटते. दुसऱ्याला वास येतो म्हणून स्मरण घडत नाही. परंतु सूक्ष्म विचार केला तर दोहोंचे मूळ एकच आहे. दोघांनीही नकळत आपल्या नाकाला परमेश्वरधर्माच्या दारावर बसविले आहे. ते 'आत जा' म्हणेल तेव्हाच जायचे, 'थांब' म्हणेल तेव्हा थांबायचे. इंद्रियांचा विचार करताना आपण डोळा आणि जीभ यांविषयी पुष्कळ बोलतो. घ्राणेंद्रियाविषयी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून त्या दिवशी जे थोडे सांगता आले ते विस्ताराने येथे मांडतो.

घ्राणाचे स्वरूप

शब्द, स्पर्श, रूप, रस आणि गंध हे पाच विषय. त्यांतील गंध हा पृथ्वीचा गुण, असे सर्व शास्त्रकार मानतात. तार्किकांनी त्याचे सुरभी आणि असुरभी असे दोन भेद केले. आपल्या दर्शनात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य मानलेले आहेत. या चौघांत गंधाचे स्थान कोठे, असे विचारले तर उत्तर निःसंदिग्ध आहे. गंध हा प्रपंचाचा गुण आहे. तो जीवाचा गुण नव्हे. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

डोळ्याला पापणी आहे, मुखाला ओठ आहेत. नाकाला दार नाही. श्वास आहे तोवर गंध आत येणारच. श्वास कोंडून वास टाळू म्हटले तरी किती वेळ टाळणार? या इंद्रियावर जीवाचा ताबा सर्वांत थोडा आणि जीवावर या इंद्रियाचा ताबा मात्र फार, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्याचे कारण आधुनिक शरीरशास्त्रानेही दाखविले आहे. नाकाच्या अगदी वरच्या भागात एक लहानसा पडदा असतो. त्यातील पेशींवर गंधकण ओळखणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहके मनुष्यात असतात. या ग्राहकांचा शोध लावणारे रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेथून निघालेला संदेश चाळणीसारख्या हाडातून वर जातो आणि मेंदूच्या ज्या भागात स्मृती व भावना वसतात त्या भागाशी फार लवकर जाऊन भिडतो. इतर इंद्रियांचे संदेश आधी मध्यल्या एका ठाण्यावर थांबतात. गंधाला तसे थांबावे लागत नाही. म्हणूनच विचार जागा होण्यापूर्वी वास मनाला हलवून जातो. जुन्या पेटीतील लुगड्याचा वास आला की वारलेली आजी समोर उभी राहते. आपण तिला आठवायचे ठरविलेले नसते.

नित्य व्यवहारात या इंद्रियाचा उपकार किती आहे हे गृहिणींना सांगावयास नको. दूध लागले, वरण आंबले, शेंगदाणे खवट झाले, पिठाला कुबट वास आला, हे डोळ्यांच्या आधी नाक सांगते. ज्याला आपण जिभेची चव म्हणतो तिचा मोठा भागही वस्तुतः नाकाचा असतो. पडशाने नाक बंद झाले की खमंग फोडणीची भाजीही मातीसारखी लागते ती यामुळेच. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे ज्या दुर्गंधाला आपण नाक मुरडतो तोच पहारा देऊन आपले प्राण वाचवितो. हुडकेश्वरच्या त्या बाईंनी सेवेचा प्रश्न विचारला, पण त्यांच्या सुनेने नंतर सांगितले की गॅस सुरू राहिल्याचे बाईंना कळत नाही, म्हणून त्यांना एकट्याने चुलीशी जाऊ देण्याचे घरच्यांना भय वाटते. घ्राण गेलेल्या माणसाची ही दुहेरी परवड आहे. त्याचे दुःख कोणाला दिसत नाही, आणि आंधळ्या-बहिऱ्याला मिळते ती सहानुभूती त्याच्या वाट्याला येत नाही.

आणि सुख? मृगाचा पहिला पाऊस काळ्या मातीवर पडला की जो वास सुटतो त्याने कोणता वऱ्हाडी माणूस क्षणभर थांबत नाही? मातीतील सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचे एक द्रव्य तयार करतात आणि ते हवेत अब्जांश भागाहूनही कमी असले तरी मनुष्याच्या नाकाला कळते. कनोजचे अत्तरवाले तर भाजलेल्या मातीचा हा वास चंदनाच्या तेलात धरून ठेवतात. श्रीक्षेत्र ऋद्धिपूर ज्या मोर्शी तालुक्यात आहे तो सगळा टापू संत्र्याचा. बहराच्या दिवसांत तिकडून अटन करताना वाटेवर संत्र्याच्या फुलांचा असा परिमळ येतो की पावले आपोआप मंदावतात. हे सर्व सुंदर आहे. ते सुंदर नाही असे म्हणण्याचा दांभिकपणा साधकाने करू नये. प्रश्न एवढाच की, त्यापुढे जीवाने काय करावे?

वास, वासना, वासनिक

आपल्या भाषेत 'वास' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. वास म्हणजे गंध आणि वास म्हणजे राहणे. संस्कृतातही हे दोन्ही अर्थ आढळतात. याच शब्दाच्या सोयऱ्यांत 'वासना' येते. पदार्थ निघून गेला तरी मागे जे राहते, भांड्याला जे चिकटते, ती वासना.

दृष्टांत: घरात हिंगाची डबी असते. हिंग संपतो. डबी धुतात, उन्हात ठेवतात, त्यात दुसरे काही भरतात. तरी झाकण काढले की आधी हिंगच बोलतो.

दार्ष्टांतिक: जीवाची स्थिती अशीच आहे. भोग संपतो, वासना उरते. श्रीमद्भगवद्गीतेच्या १५ व्या अध्यायात भगवान श्रीकृष्णांनी हेच वाऱ्याच्या उपमेने सांगितले आहे. वारा फुलांवरून जाताना फूल नेत नाही, गंध नेतो. तसाच जीव एक देह सोडून दुसऱ्या देहाकडे जाताना मन आणि इंद्रिये यांना घेऊन जातो. भगवंतांना हा विषय समजावून देण्यासाठी जगातील असंख्य उपमांपैकी गंधाचीच उपमा घ्यावीशी वाटली, याचा विचार साधकाने अवश्य करावा. फूल मागे राहते, डबी मागे राहते, देह मागे राहतो. जे सोबत येते ते डोळ्यांना न दिसणारेच असते.

परंतु वासना केवळ हिंगाचीच असते असे नाही. जुन्या काळी सुगंधी तेल करताना तिळांचे आणि फुलांचे थर एकावर एक ठेवीत. तिळाला स्वतःचा सुवास नाही. पण फुलांच्या संगतीत तो राहिला की त्याचे तेलही फुलांसारखे दरवळते. आपल्या मार्गात गृहस्थ अनुयायाला 'वासनिक' म्हणतात. ज्याच्या ठिकाणी परमेश्वरधर्माची वासना उपजली तो वासनिक. त्याने घरदार सोडलेले नाही, शेतीवाडी सोडलेली नाही, तो अजून तीळच आहे. परंतु तो फुलांच्या थरात येऊन बसला आहे. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चौघांचा सांगात जीवाला परमेश्वराची वासना लावण्यासाठीच आहे. हे नाव केवढ्या मोठ्या अर्थाचे आहे याची जाणीव वासनिक बंधूंनी ठेवावी.

भिक्षेच्या झोळीतील नाक

आता भिक्षुकांना उद्देशून थोडे लिहितो, कारण निरूपण करणाऱ्याने आधी स्वतःच्या वर्गाकडे पाहावे.

भिक्षेस निघालेला साधक गल्लीत शिरतो. एका घरातून तुपाच्या फोडणीचा वास येतो. दुसऱ्या घराच्या दाराशी मोरी तुंबलेली असते. साधकाचे पाय आपोआप पहिल्या घराकडे वळतात. त्याने काही ठरविले नाही, कोणाला काही बोलला नाही, आचारही वरवर मोडला नाही. तरी घराची निवड झाली, आणि ती नाकाने केली. भिक्षा ही रसना जिंकण्यासाठी आहे. पदार्थ एकत्र कालवून जेवण्यामागे चवीचा अभिमान मोडण्याचाच हेतू आहे. परंतु झोळीत अन्न पडण्यापूर्वीच जर नाकाने आपला वाटा काढून घेतला असेल, तर नंतर कालवून काय उपयोग?

शिवाय मोरी तुंबलेल्या घरातील बाईनेही पहाटे उठून भाकरी केलेली असते. दारावरून भिक्षुक पुढे गेला हे तिने पाहिलेले असते. तिला कारणही कळलेले असते. आपल्या विकाराची किंमत अशी दुसऱ्याला मोजावी लागते, आणि तेथे विकार हिंसेपर्यंत जाऊन पोचतो.

माझ्या हातून घडलेली हिंसा

सुगंधाची ओढ हा एक दोष झाला. दुर्गंधाची किळस हा त्याहून मोठा दोष आहे, कारण ओढ वस्तूकडे नेते, किळस मात्र माणसापासून तोडते. येथे मला स्वतःचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगताना संकोच वाटतो. पण न सांगितल्यास हे सर्व विवेचन पुस्तकी राहील.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी नवदीक्षित असताना एका वृद्ध साधूंची सेवा माझ्याकडे आली. ते अंथरुणाला खिळलेले होते. पाठीला व्रण झाले होते. रोज सकाळी अंथरूण बदलणे, व्रण धुणे, पट्टी बांधणे हे माझे काम. सूत्रपाठ मला मुखोद्गत होता. लीळा सांगू लागलो की ऐकणारे डोलत. परंतु त्या खोलीच्या दाराशी आले की माझी पावले जड होत. मी नाकावर उपरण्याचा पदर घट्ट बांधी, श्वास रोखून भराभर हात चालवी आणि बाहेर येऊन मोकळा श्वास घेई. सेवा चुकली असे एकही दिवस झाले नाही. मनात समाधान होते की, आपण कर्तव्य करतो आहोत.

काही दिवसांनी एका ज्येष्ठ साधूंनी मला बाजूला बोलावले. म्हणाले, "बाबांनी पाणी पिणे कमी केले आहे. तुला ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हते. "अंथरूण कमी ओले व्हावे, तुला तेथे कमी वेळ थांबावे लागावे, म्हणून ते तहान मारतात. तुझा चेहरा त्यांना दिसतो."

त्या दिवशी मला जे वाटले ते आजही शब्दांत मांडता येत नाही. अहिंसा म्हणजे पाऊल जपून टाकणे, पान न तोडणे, मुंगी वाचवणे, असे मी लोकांना सांगत होतो. आणि माझ्या नाकाच्या एका आकुंचनाने एक वृद्ध साधू तहानलेला राहत होता. दुसऱ्या दिवशी मी पदर सोडून आत गेलो. वास तोच होता. तो चांगला वाटू लागला असे खोटे मी लिहिणार नाही. परंतु मी त्यांच्या जवळ बसलो, त्यांना पाणी पाजले, एक लीळा सांगितली. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "आज घाई नाही का?"

स्वच्छतेसाठी वा रोगाचा संसर्ग टळावा म्हणून मुखावर फडके बांधणे हा दोष नव्हे. वैद्य सांगतील तसे अवश्य बांधावे. दोष फडक्यात नसतो, डोळ्यांत असतो. आज घरोघरी अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत. त्यांची सेवा करणारी माणसेही थकतात, याची मला जाणीव आहे. त्यांना एवढेच विनवितो की, वृद्धांचे कान मंद झाले, दृष्टी अंधुक झाली, तरी आपल्याविषयी दुसऱ्याच्या मनात आलेली किळस त्यांना सर्वांत शेवटपर्यंत कळते.

श्रीप्रभू आणि सर्वज्ञांचा आदर्श

किळस आणि विटाळ या दोन बहिणी आहेत. वास हे निमित्त होते, मग तो वास त्या माणसाचा मानला जातो, मग तो त्याच्या जातीचा मानला जातो, आणि शेवटी त्यालाच धर्म म्हणतात. आपल्या मार्गाने ही साखळी तेराव्या शतकातच तोडली. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभू मातंगांच्या घरीही जात आणि यज्ञयाग करणाऱ्यांच्या घरीही जात. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी स्त्रियांचा मासिक विटाळ मानला नाही. शरीराच्या इतर द्वारांतून मळ निघतो तसाच हाही देहाचा स्वाभाविक धर्म, एवढाच त्याचा अर्थ त्यांनी सांगितला. सातशे वर्षांपूर्वी हे सांगणे केवढे धैर्याचे होते! त्या वचनामागील न्याय तोच आहे जो आरंभी मांडला: मळ प्रपंचाचा, गंध प्रपंचाचा; जीवाला त्याचा लेप नाही. जीव बद्ध आहे तो अनादी अविद्येने, घामाने नव्हे.

असे असूनही आज आपल्या नगरांत काय दिसते? हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. तरी गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. ज्यांच्या श्रमाने आपल्या दारचा दुर्गंध दूर होतो त्यांना आपण पाण्याचा पेला पुढे करतो का? श्रीप्रभूंचे नाव घेणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

वास येईनासा होतो तेव्हा

घ्राणाचा आणखी एक धर्म आहे. कोणताही वास सतत येत राहिला की थोड्या वेळाने तो कळेनासा होतो. चामडे कमावणाऱ्याला कातड्याचा वास येत नाही, अत्तरवाल्याला अत्तराचा येत नाही. परक्या घरी गेलो की त्या घराचा वास लगेच कळतो. स्वतःच्या घराचा कधी कळत नाही.

गटारात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साठतो. तो थोडा असतो तेव्हा नासक्या अंड्यासारखी घाण येते आणि माणूस सावध होतो. परंतु त्याचे प्रमाण फार वाढले की घ्राणच बधिर होते. वास नाहीसा झाला, आता भय नाही, असे समजून माणूस खाली उतरतो आणि तेथेच मरतो. ज्या क्षणी दुर्गंध थांबला तोच क्षण सर्वांत घातक होता.

साधकहो, यासारखा दृष्टांत दुसरा सापडणे कठीण. पहिल्यांदा खोटे बोललो तेव्हा मन खाई. दुसऱ्यांदा कमी खाल्ले. आता काहीच वाटत नाही. दीक्षेच्या आरंभी मानाची हाव आली तर स्वतःचीच शिसारी येई. पुढे आसन, हार, जयजयकार यांची सवय झाली आणि शिसारी थांबली. त्याला आपण वैराग्य स्थिरावले असे समजतो. वस्तुतः नाक बधिर झालेले असते. म्हणून शास्त्राने सांगात सांगितला. बाहेरून आलेल्या माणसाला आपल्या घराचा वास कळतो, तसा आपला दोष सांगात्याला कळतो. त्या ज्येष्ठ साधूंनी मला बाजूला बोलावले नसते तर मी आजही स्वतःला उत्तम सेवक समजत राहिलो असतो. दोष दाखविणारा माणूस मिळणे हे भाग्य समजावे, त्याच्यावर रागावू नये.

शंका-समाधान

शंका: गंध हा केवळ प्रपंचाचा गुण आहे, तर सुगंध-दुर्गंध समान मानून घाण तशीच राहू द्यावी काय?

समाधान: मुळीच नव्हे. घ्राण हा दारावरचा पहारेकरी आहे. पहारेकऱ्याने वर्दी द्यावी, धन्याने ती ऐकावी. नाल्याला घाण येते याचा अर्थ नाला स्वच्छ झाला पाहिजे, एवढाच. नागपूरची नाग नदी, पिवळी नदी आणि दक्षिण अंगाने वाहणारी पोहरा नदी यांच्यात नगराचे सांडपाणी मिसळते. नाग नदीचे पाणी पुढे कन्हानला आणि कन्हानचे वैनगंगेला मिळते, आणि तेथून ते गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. आपण आपल्या दारचा दुर्गंध वाहत्या पाण्यात सोडतो तो नाहीसा होत नाही. तो खालच्या गावच्या घाटावर जातो. ही दृष्टीआडची हिंसा आहे. म्हणून कचरा नाल्यात टाकू नये, विडावसराची फुलेसुद्धा टाकू नयेत. पहारेकऱ्याची वर्दी ऐकून कामाला लागावे, हे योग्य. मात्र त्या पहारेकऱ्याला न्यायाधीश करू नये. कोण जवळचा, कोण दूरचा, कोण शुद्ध, कोण अशुद्ध, हा निवाडा त्याच्या अधिकारातला नाही.

शंका: गंध जर विषय आहे, तर स्वामींच्या पूजावसरी चंदन, धूप, फुले का होती?

समाधान: विषय तो, जो जीव आपल्या सुखासाठी भोगतो. तीच वस्तू परमेश्वराला अर्पण केली की ती सेवा होते. मथुरेच्या राजमार्गावर भगवान श्रीकृष्णांना कुब्जा भेटली. कंसासाठी चंदनाची उटी करणे हा तिचा धंदा. सगळा जन्म राजवाड्यातील सुगंध घोटण्यात गेला; पण तिचे वाकलेले शरीर पाहून लोक हसत. त्या दिवशी तिने ती उटी भगवंतांना दिली. उटी तीच, हात तेच. धनी बदलला आणि चाकरीची सेवा झाली. भगवंतांनी तिचे कूबड पाहिले नाही, अर्पण पाहिले.

दोघांना दिलेले उत्तर

तरुण वासनिकाला मी म्हटले, "स्मरण कशाचे करावयाचे? नामाचे, लीळेचे, मूर्तीचे, चेष्टांचे. यांतील एकालाही नाकाची गरज नाही. वासाशी भांडत बसलास तर वासाचेच स्मरण घडेल. आला तर येऊ दे. थोड्या वेळाने नाक आपोआप थकते, तो त्याचा स्वभावच आहे. तोवर नाम सोडू नकोस. आणि स्मरण आटोपल्यावर शेजाऱ्यांना घेऊन नाल्यासाठी अर्ज कर. स्मरणाच्या वेळी स्मरण, अर्जाच्या वेळी अर्ज." तो हसला.

मग त्या बाईंकडे वळलो. त्यांना आधी व्यवहाराचे सांगितले. घरात गॅसगळती ओळखणारे यंत्र बसवावे, शिळे अन्न दुसऱ्याला दाखवून मग खावे. नाक-कान-घशाच्या वैद्यांना दाखवावे. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ मन लावून घेण्याचा अभ्यास वैद्य सांगतात; घ्राणाच्या पेशी शरीरात पुन्हा पुन्हा नव्याने उत्पन्न होतात, म्हणून काही जणांना त्याने महिन्यांनी गुण येतो. मग म्हटले, "आई, गीतेत भगवंतांनी पान, फूल, फळ, पाणी, काहीही चालेल असे सांगितले. अट एकच घातली, भक्तीची. अर्पण करणाऱ्याला त्याचा वास आला पाहिजे, अशी अट त्यात नाही. आम्ही चंदन उगाळतो तेव्हा आधी अर्धा वास आम्हीच घेतो, मग उरलेला स्वामींना देतो. तुम्ही उगाळता ते सगळेच्या सगळे त्यांच्याकडे जाते. तुमच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही, तरी तुम्ही पहाटे उठता. याहून निखळ सेवा ती कोणती?"

बाईंचे डोळे भरून आले. पदराने ते पुसत त्यांनी पुन्हा विचारले, "म्हणजे पोचते ना जी?"

"पोचते, आई."

सज्जनहो, एक दिवस आपणा सर्वांचेच नाक थांबणार आहे, कारण श्वास थांबणार आहे. त्या वेळी फूल मागे राहील, चंदन मागे राहील, देहही मागे राहील. वाऱ्याबरोबर जे जाईल ते आयुष्यभर ज्याच्या संगतीत राहिलो त्याचे असेल. हिंगाच्या संगतीत राहिलो तर हिंग, फुलांच्या थरात राहिलो तर फुले. परमेश्वराची वासना ज्याला लागली तो वासनिक. आणि ती वासना शेवटच्या श्वासापर्यंत टिकावी, एवढीच सर्वज्ञांच्या श्रीचरणी प्रार्थना.

दंडवत प्रणाम.